पाचवं ढेकूळ

घागर मी धरली होती आणि खाली ढेकळं ती मांडत होती. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम हेच. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची सकाळ होती. ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, तरी मातीला चटका होता.

आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात आखाजीला नवी घागर आणतात. पितरांच्या नावानं ती पाण्यानं भरायची आणि वावरातून आणलेल्या चार ढेकळांवर ठेवायची. एक ढेकूळ जेठाचं, एक आखाडाचं, एक श्रावणाचं, एक भादव्याचं. रात्रभर घागर झिरपते. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलून पाहायची. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस चांगला, जे कोरडं राहिलं तो महिना कोरडा. माझा बाप हे पाहून पेरणीचं ठरवायचा, त्याचा बापही तसाच. मी शाळेत चार बुकं शिकलो असेन. ढेकळं मात्र मला लहानपणापासून वाचता येतात.

घागर नवीच लागते, त्यालाही कारण आहे. आमचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मडक्यात ते पाणी भरलं की वर्षभरात मडकं बाहेरून पांढरं होतं, खार त्याच्या अंगात बसतो, मग ते झिरपतही नाही आणि पाणीही गार करत नाही. म्हणून आखाजीला नवी घागर, आणि तिच्यात नळाचं गोडं पाणी. नळ चार-सहा दिवसांतून एकदा येतो. ते पाणी ती आधीपासून वेगळं झाकून ठेवायची.

तर घागर माझ्या हातात होती, भरलेली, आणि मला दिसलं की खाली ढेकळं पाच आहेत.

"एक जास्त झालं," मी म्हटलं.

"मोजता येते मले," ती म्हणाली.

"मंग काढ ना एक."

"काहून काढू? मीच आनलं, पदरात घालून. ते आश्विनाचं हाय. दसरा-दिवाळीचं."

चारी ढेकळं तिनं चार कोपऱ्याला लावली होती आणि पाचवं बरोबर मधात, घागरीच्या बुडाखाली.

"अवं, ढेकळं चारच असतात. पावसाळा चार महिन्याचा."

"कोनाच्या घरचा चार महिन्याचा? मागच्या साली सोयाबीन कापून गंजी लावली, तवा काय ऊन पडलं होतं? दिवाईच्या तोंडावर धो धो पडून राहिला होता. गंजीत हात घातला त कोंब हाताले लागत होते. इसरले?"

विसरलो नव्हतो. गंजी उकरली तेव्हा आतून वाफ आली होती आणि शिळ्या भाकरीसारखा वास. दाणा शेंगेतच उगवला होता. त्या साली आखाजीला श्रावणाचं ढेकूळ चिखल झालं होतं, आणि श्रावण गेला साफ कोरडा. मी तेव्हापासून घागरीवर रागावून होतो. यंदा ठेवायचीच नाही म्हणत होतो.

"घागर खोटं बोलते, तुले मी सांगतलं," मी म्हटलं.

"घागर काहून खोटं बोलन? तिले तुमी चारच महिने विचारता. पाचव्याचं तिले कोनी विचारलं का?"

घागरीनं हात भरून आले होते. तरी मी वाद दुसरीकडून धरला.

"अवं पन मधात ठेवलं त ते भिजनारच. पानी सारं बुडालेच येते. हे त घागरीच्या तोंडून आपलंच वदवून घेनं झालं."

"बूड गोल हाय बापा घागरीचं. पाचव्याले दुसरी जागा कुठं हाय? ठेवा आता गुपचूप, नाहीतर पडन हातातून, अन् म्हनसान बायकोनं फोडली."

मी ठेवली. तिनं वर आंब्याचा डहाळा ठेवला, एक कैरी ठेवली, हळदकुंकू लावलं. मग उठताना तिनं माझा गुडघा धरला, जशी नेहमी धरायची, आणि म्हणाली, "उद्या मीच उचलीन. तुमी आधी पाहू नका. तुमी पाहून सांगसान त खोटं सांगसान."

ढेकळावरून एवढी कचकच कशासाठी, ते सांगतो. आमची दोन वावरं. वरचं आणि खालचं. खालच्यात पाणी थांबतं. आजपर्यंत दोन्हीत पावसाळ्यात सोयाबीन आणि कपाशी होत आली. ती दोन वर्षांपासून एकच धरून बसली होती: खालचं वावर पावसाळाभर रिकामं सोडा. उशिराचं पाणी आता येतंच, ते जमिनीत मुरू द्या आणि त्यावर हरबरा पेरा. तिच्या माहेरी जुने लोक असंच करायचे. खारपाणात विहिरीचं पाणी देता येत नाही, हरबरा मात्र काळ्या मातीतल्या ओलीवर येतो. मी म्हणायचो, चांगलं वावर चार महिने उघडं ठेवलं तर गाव हसेल. ती म्हणायची, "गंजीले कोंब आले तवा काय गाव रडलं?"

आदल्या दिवशी संध्याकाळी ढेकळं आणायला दोघंच गेलो होतो, तेव्हाही तिनं खालच्या बांधाशी मला उभं केलं. बांध एका जागी फुटलेला आहे. "पाहा, इथूनच पयते सारं पानी. एवढं एक भोक बुजवलं त ओल दिवाईपर्यंत राहीन." मी पाहिलं आणि चाललो. ट्रॅक्टरवाल्याला आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही वावरं वखरायला मीच सांगून ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं. म्हणून ते पाचवं ढेकूळ. माझ्याशी बोलून झालं, आता तिनं घागरीला साक्षीला बोलावलं होतं.

लोक म्हणतात हवामान बिघडलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. उन्हाळ्याला आम्ही भिणारे लोक नाही. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला ऊन शिकवू नये. दारं-खिडक्या लावायच्या, कांदा खिशात ठेवायचा, पन्हं प्यायचं, दुपारी हलायचं नाही. एवढं केलं की ऊन जातं. पण ते ऊन रात्री घरी जायचं. अंगणात पाणी मारलं, बाज टाकली की पहाटे गोधडी ओढावी लागे. आता ऊन रात्री घरातच मुक्काम करतं. पहाटे भिंतीला हात लावा, कोमट लागते. माणूस रात्रभर शेकून निघतो आणि सकाळी परत तेच. त्यात मधे मधे ढग येतात, घाम वाळत नाही, आणि कूलर लावला तर घर ओल्या फडक्यासारखं होतं. असं ऊन आमच्या बापजाद्यांना माहीत नव्हतं. त्यावर कांदा चालत नाही.

आमच्या ओसरीच्या टिनाखाली चिमण्यांची घरटी असायची. मागच्या दोन उन्हाळ्यांत पिलं वरून खाली पडली, मेलेली. ती उचलून लिंबाच्या बुडाशी पुरायची. पहिल्या पेराच्या वेळी निघणारे लाल मखमली किडे आमची पोर तळहातावर घेऊन फिरायची, आता शोधून एखादा दिसतो. बांधावरच्या बाभळीला मधाचं पोळं असायचं, ते गेलं. पावशा ओरडतो अजून, पण कधीही. मे महिन्यात अवकाळी पडतो तेव्हाच बिचारा "पेरते व्हा" करून मोकळा होतो. ती त्याला म्हणायची, "तुलेही कोनी खोटं सांगते वाट्टे."

आमची एकच लेक, अमरावतीला दिलेली. मागच्या दिवाळीला आली तेव्हा गंजीचे हाल पाहून तिनं आम्हाला समजावलं. म्हणाली, बाबा, समुद्र तापून राहिला, त्याची वाफ जास्त होते, म्हणून पाऊस येतो तेव्हा एकदम येतो, आणि वेळ सोडून येतो. मी म्हटलं, समुद्र कुठं, आपण कुठं. आम्ही दोघांनी समुद्र पाहिलेला नाही. कौंडण्यपूरच्या जत्रेला वर्धा नदी पाहिली, तेच आमचं मोठं पाणी.

आमच्याकडे जुने लोक सांगतात, की या पूर्णेच्या खोऱ्यात कधीकाळी समुद्र होता, म्हणून विहिरी खाऱ्या. बायकोनं ते लक्षात ठेवलं होतं. ती लेकीला म्हणाली, "म्हंजे मायबाई, एक डाव इथून गेला, जाताना विहिरी नासवल्या. अन् आता दिवाईले परत येऊन राहिला का, इसरलेलं न्यायले?" लेक हसून हसून लोळली. मीही हसलो. पण बायको पुढे जे बोलली ते मला तेव्हा हसण्यात नीट ऐकू गेलं नाही, लेकीनं नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "येनाराच असन त त्याची सोय करून ठेवा लागन."

आखाजीला परत येतो.

घागर ठेवून झाल्यावर ती सैपाकाला लागली. पितरांचं पान वाढायचं म्हणजे पुरणपोळी, चिंचोणी, कुरड्या, सारं आलं, आणि पान वाढेपर्यंत करणारीनं तोंडात काही घालायचं नाही. आमचं सैपाकघर टिनाचं. विजेची लाइन सकाळीच गेली होती. मी दोनदा म्हटलं, घोटभर पाणी पी. "पितर पाहून राहिले," म्हणाली. ही आमच्याकडच्या बायांची रीत. घराघरात त्या दिवशी हेच चाललं होतं, आणि गेल्या कित्येक पिढ्यांत त्यानं कुणाला काही झालं नव्हतं. पितरांच्या वेळचं ऊन वेगळं होतं, एवढंच.

पान वाढलं. कावळा आला नाही, त्याला बोलवायला मी माळवदावर गेलो. खाली आलो तर ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, डोकं दुखते. मग म्हणाली, "घाम येनं बंद झालं, आता बरं वाटन." मी हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटलं. पाणी मारलं, फडकी ओली करून गुंडाळली, धाकट्या भावानं जीप बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत गेलो, पण ती वाटेतच मोकळी झाली होती.

डॉक्टर पोरगेलाच होता. हळू बोलला. "आजोबा, ऊन लागलं त्यांना."

"ती उनात गेलीच नाही," मी म्हटलं. "घरात होती. सावलीत."

"आता सावलीतही लागतं, आजोबा."

मी त्याच्याशी भांडलो नाही. तो खरं बोलत होता.

कुणीतरी जीपमध्ये म्हणालं, आखाजीचं मरण, पुण्यवान बाई. मरायला कोणताच दिवस चांगला नसतो. हे मी तिथंच बोललो.

उन्हापायी थांबून चालणार नव्हतं. लेक अमरावतीहून पोचली की दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. अंगण माणसांनी भरलं. बांबू आला, सुतळी आली, कापड आलं. मडकं आलं नाही. सरणाभोवती फिरवायला मडकं लागतं, आणि आखाजी असल्यामुळे गावातल्या कुंभाराकडचं शेवटचं भांडंसुद्धा सकाळीच खपलं होतं.

धाकटा भाऊ सगळं पाहत होता. चांगला माणूस आहे, कामाला वाघ. त्याची नजर कोपऱ्यातल्या घागरीवर गेली. तो वाकला, डहाळा काढला आणि दोन्ही हात घागरीला घातले.

"त्याले हात लावू नको," मी म्हटलं.

"दादा, मडकं पाह्यजे ना. नवी हाय, गोड्या पान्याची हाय. वहिनीनंच भरलेली."

"म्हनूनच."

"मंग कायच्यात नेऊ पानी? बादलीत?"

"कायच्यातही ने. ती घागर सकाळपर्यंत उठनार नाही."

मागून एका बाईचा आवाज मी स्पष्ट ऐकला: "बायको उंबऱ्यात हाय अन् बुढ्याले ढेकळाची पडली." ऐकू येतं मला सगळं. मी घागरीजवळ गेलो. भाऊ वाकल्यावाकल्याच हळू म्हणाला, "दादा, सुतक लागलं. आता ते पाह्यलं तरी लागू पडते का? घरात मानूस गेल्यावर असा शकून कोनी पाहाते?"

"मी पाहातो."

त्यानं हात काढले नव्हते. घागर जराशी हलली, आणि बुडाशी पाणी चमकलं. मी त्याचं मनगट धरलं. साठी उलटल्यावर भाऊ-भाऊ अंगणात लोकांसमोर असे उभे राहतात, ते चांगलं दिसत नाही, पण मी सोडलं नाही. ती म्हणाली होती, उद्या मीच उचलीन. तिला उचलता येणार नव्हती. पण तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर येऊ देणं माझ्या हातात होतं. तेवढंच एक होतं.

लेक आतून आली. रडून डोळे सुजलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, खाली ढेकळं मोजली. परत आत गेली आणि सैपाकघरातला जुना माठ घेऊन आली. विहिरीच्या पाण्याचा, धुण्याभांड्यांसाठी ठेवलेला, बाहेरून खारानं पांढरा झालेला.

"काका, हा चालते का?"

"हा त जुना हाय बाई."

"आईच्या हातचा हाय. सारा दिवस तिचा हात यातच."

भावानं आपलं मनगट सोडवून घेतलं आणि माठ खांद्यावर घेतला. घागरीवरचा डहाळा लेकीनं परत जागेवर ठेवला.

आम्हाला मुलगा नाही. मीच माठ घेऊन फिरलो. दर फेऱ्याला मागून दगड मारून भोक पाडतात आणि पाण्याची धार लागते. भावानं मारला, माठ फुटेना. खार एवढा बसला होता की दगड टणकन उडाला. दुसऱ्यांदा मारला, तेव्हा धार लागली. पाणी सरणाच्या कडेला पडलं आणि तिथल्या तिथं वाळलं, मागे पांढरी रेघ राहिली. तिला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पाहा, मले न्यायलेही तयार नाही माठ. मी मनातल्या मनात तिच्या आवाजात ते ऐकलं, आणि मग अग्नी दिला.

सकाळी उजाडायच्या आधीच भिंतीचा कोमटपणा पाठीला लागला म्हणून उठलो. लेक ओसरीवर झोपली होती. भाऊ अंगणात बाजेवर बसलेला, बहुतेक झोपलाच नव्हता. मी घागरीजवळ गेलो.

"दादा," तो म्हणाला. उठून आला आणि दुसऱ्या बाजूनं घागर धरली. दोघांनी मिळून उचलली. पाणी निम्म्याच्या खाली आलं होतं.

जेठाचं ढेकूळ एका अंगानं ओलं. आखाडाचं कोरडं, हात लावला तर फुटलं. श्रावणाचं जेमतेम. भादव्याचं बरं, खालून भिजलेलं. आणि मधातलं, तिचं, ते ढेकूळ राहिलंच नव्हतं. पूर्ण चिखल, मऊ, काळाभोर, त्यावर घागरीच्या बुडाचा गोल खळगा, आणि खळग्यात पाणी साचलेलं.

"बापा रे," भाऊ म्हणाला. "आश्विन पाह्य, दादा."

"मधात ठेवलं त भिजनारच," मी म्हटलं.

हे माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही. शकून-बिकून त्यात काही नाही. पण मागच्या दिवाळीला कोंब आलेली गंजीही काही शकून नव्हती. ती मी माझ्या हातांनी उकरली होती. सैपाकघरातलं ऊनही मी हात लावून पाहिलं. ते सावलीत शिरलं, तर पाऊस दिवाळीत का शिरणार नाही? तिला हे घागर ठेवायच्या आधीच कळलेलं होतं. घागर तिनं माझ्यासाठी ठेवली होती.

उरलेलं पाणी मी लिंबाखालच्या पाखरांच्या कुंड्यात ओतलं, कारण दर साली ती तिथंच ओतायची. मग घमेलं घेतलं आणि पाचही ढेकळं, चिखलासकट, त्यात भरली. तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"काकाजी, मले रात्रीच समजलं. म्हन्लं जावं का नाही, मंग म्हन्लं तोंडावर विचारून यावं. राहू द्यायचं का आज?"

"नाही. वरचं करून टाक."

"अन् खालचं?"

"खालच्याले हात लावू नको."

"पडीत टाकता? एवढं चांगलं वावर?"

"पडीत कोन टाकते? हरबरा पेरायचा हाय तिथं. आश्विनात." मग म्हटलं, "गावात विचारलं कोनी त सांगजो, काकूनं सांगतलं म्हून."

त्यानं दुपट्टा परत डोक्याला बांधला. ट्रॅक्टर वळवला आणि वरच्या वाटेनं गेला.

मी फावडं घेतलं, घमेलं डोक्यावर घेतलं आणि खालच्या बांधाकडे निघालो. भाऊ मागून ओरडला, "दादा, च्या त घेऊन जा!" मी हात हलवला. ऊन वर यायच्या आत पोचायचं होतं. फुटलेल्या जागी आधी चारी ढेकळं टाकली, फावड्यानं आजूबाजूची माती ओढली, आणि सगळ्यात वर आश्विनाचा तो ओला गोळा ठेवून पायानं दाबला. टाच खोल गेली. पाय काढला, परत ठेवला, माती घट्ट होईपर्यंत.